वृद्धिघटकांची भाबडी भक्ती

मेंदूला मार बसला की चेतापेशी दोन वेळा मरतात. आघाताच्या क्षणी काही चिरडल्या जातात, काही फाटतात, काही रक्तपुरवठा तुटल्याने गुदमरतात. त्यांच्यासाठी वैद्यक काही करू शकत नाही. मात्र पुढच्या तासांत आणि दिवसांत जखमेच्या कडेला, कधी जखमेपासून बरेच दूर, आणखी पेशी मरत राहतात. यांना आघात थेट लागलेला नसतो. आपल्याच आतल्या यंत्रणेने, ठरलेल्या पायऱ्यांनी त्या स्वतःला मोडून टाकतात. जीवशास्त्र या मृत्यूला अपॉप्टॉसिस म्हणते. डोक्याच्या दुखापतीत वाचवण्याजोगे जे काही असते, त्यातले बरेचसे या दुसऱ्या लाटेत असते.

या दुसऱ्या मृत्यूबद्दल एक समजूत पक्की बसलेली आहे. औषधांच्या माहितीपत्रकांत आणि वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत ती सारख्याच आत्मविश्वासाने भेटते. चेतापेशी वृद्धिघटकांवर, म्हणजे डॉक्टरी बोलीतल्या ग्रोथ फॅक्टरांवर जगतात; जखमेमुळे त्यांचा पुरवठा आटतो; आटला म्हणून पेशी मरतात; तेव्हा ते बाहेरून टोचा, आहाराने वाढवा, व्यायामाने वाढवा, जितके जास्त तितके बरे. सगळे इतके सुटसुटीत आहे की ते खरे नसावे अशी शंकाही कोणाला येत नाही. जखमी मेंदूत मात्र बऱ्याचदा उलटे घडते. तिथल्या पेशी वृद्धिघटकांवाचून तडफडून मरतात असे नाही. त्यातल्या अनेक पेशींना वृद्धिघटकच मारतो.

समजूत आकाशातून पडलेली नाही, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल. इटलीत १९३८ साली ज्यूंविरुद्धचे वंशभेदी कायदे आले, रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांची विद्यापीठाची वाट बंद झाली, आणि तुरीनमध्ये त्यांनी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटून कोंबडीच्या गर्भातल्या चेतापेशींचा अभ्यास चालू ठेवला. युद्धानंतर १९४७ मध्ये त्या व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे अमेरिकेतल्या सेंट लुईसला गेल्या. उंदराच्या गाठीचा तुकडा गर्भावर लावला की चेतातंतू त्या दिशेने भराभर वाढतात, हे त्यांनी पाहिले. स्टॅन्ली कोहेन यांनी त्यामागचे प्रथिन आधी सापाच्या विषात आणि मग नर उंदराच्या लाळग्रंथीत शोधले. हेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ. त्याला निकामी करणारी प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचली तर त्यांची सिंपथेटिक चेतासंस्था जवळपास नाहीशी होते, हेही दिसले. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. त्याआधी, १९८२ मध्ये, ईव्ह-आलँ बार्ड, डेव्हिड एडगर आणि हान्स थोनेन यांनी डुकराच्या मेंदूतून दुसरे असे प्रथिन वेगळे केले होते: बीडीएनएफ. घटक असला की पेशी जगते, काढला की मरते. समजूतदार माणसाने यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढला. प्रश्न इतकाच, की तो निष्कर्ष १९८६ लाच गोठवून का ठेवला गेला?

खरे तर नोबेल मिळाले त्याच वर्षी एनजीएफ धरून ठेवणाऱ्या एका रिसेप्टरचे जनुक हाती लागले. त्याच्या वजनावरून त्याला पी७५ हे नाव पडले. पुढे १९९१ मध्ये ट्रॅक-ए हा दुसरा रिसेप्टर सापडला. एनजीएफ ट्रॅक-एवर बसले की पेशीला जगण्याचे आणि तंतू वाढवण्याचे आदेश मिळतात, हे स्पष्ट झाले. मग पी७५ कशासाठी? बराच काळ उत्तर तयारच होते: तो ट्रॅक-एचा मदतनीस. हे उत्तर देणाऱ्यांनी पी७५ च्या घराण्याकडे डोळेझाक केली. हा रिसेप्टर ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरच्या रिसेप्टरांच्या कुळातला आहे. फास नावाचा, पेशीला मरण्याचा हुकूम देणारा रिसेप्टर त्याचा भाऊबंद. फासच्या शेपटात जो मृत्यूचा आदेश पुढे नेणारा भाग असतो, तशाच घडणीचा भाग पी७५ च्या शेपटातही आहे. अशा कुळातला सदस्य निव्वळ हमाली करण्यासाठी चेतापेशीच्या पृष्ठभागावर बसला असेल, हे कोणत्या तर्कात बसते?

१९९३ मध्ये डेल ब्रेडेसन यांच्या गटाने पी७५ पेशींना मृत्यूकडे ढकलू शकतो असे दाखवले. आक्षेप लगेच आला: हे काचेच्या बशीतले खेळ आहेत. तो आक्षेपही फार काळ टिकला नाही. कोंबडीच्या गर्भात डोळ्याचा पडदा घडत असताना तिथल्या काही कोवळ्या चेतापेशी ठरल्या वेळी मरतात. १९९६ मध्ये असे दिसून आले की तिथल्या एनजीएफला प्रतिपिंडांनी अडवले तर हा मृत्यू घटतो. पेशी जगवणारे म्हणून ज्याचा गौरव झाला, तेच प्रथिन इथे पी७५ च्या वाटेने पेशी मारत होते, आणि ते काढून घेतल्यावर पेशी वाचत होत्या. 'पुरवठा आटला म्हणून मृत्यू' या सिद्धान्ताला याहून सरळ उत्तर कोणते हवे? हे काम करणाऱ्यांत एक नाव ईव्ह-आलँ बार्ड यांचे होते, बीडीएनएफ वेगळे करणाऱ्यांतले. त्यांना वृद्धिघटकांचे वैरी ठरवणे जरा अवघड जाईल.

तरी एक खरी अडचण उरत होती. पिकलेले, म्हणजे पूर्ण तयार झालेले एनजीएफ पी७५ ला फार घट्ट धरत नाही. मग एवढा ठाम मृत्यूचा आदेश येतो कुठून? उत्तर प्रथिनाच्या घडणीत होते. माणसाचे एनजीएफ पेशीत प्रथम २४१ अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या रूपात तयार होते. त्यातला सुरुवातीचा संकेताचा तुकडा लवकरच गळतो आणि उरते ते प्रो-एनजीएफ. मग फ्युरिनसारखी विकरे त्याचा पुढचा मोठा भाग कापून टाकतात आणि १२० च्या आसपास अमिनो आम्लांचे पक्के एनजीएफ उरते. कापला जाणारा भाग हा निव्वळ कचरा, असे कित्येक वर्षे मानले गेले. २००१ मध्ये बार्बरा हेम्पस्टेड यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाने दाखवले की न कापलेले प्रो-एनजीएफही पेशीबाहेर सोडले जाते, पी७५ ला ते पक्क्या एनजीएफपेक्षा कितीतरी घट्ट धरते, आणि पी७५ असलेल्या पेशींना मारते. सुरण कच्चा असला तर घसा खाजवतो, नीट शिजला तर पोटभर खाता येतो. कंद तोच असतो. इथेही जनुक एकच आहे. फरक तयारीचा आहे, आणि तो जगण्यामरण्याचा आहे.

२००४ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी तिसरा भागीदार पुढे आणला, सॉर्टिलिन. प्रो-एनजीएफचा कापला न गेलेला भाग सॉर्टिलिनला धरतो, उरलेला भाग पी७५ ला, आणि तिघांची मोट बांधली गेली की मृत्यूचा आदेश सुटतो. सॉर्टिलिन अडवले तर प्रो-एनजीएफ असूनही पेशी वाचतात. पुढच्या वर्षी प्रो-बीडीएनएफही याच जोडीच्या मार्फत पेशी मारते असे दिसले. बीडीएनएफ म्हणजे मेंदूचे अमृत असे सांगत फिरणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.

आता जखमी मेंदूकडे. प्रौढ मेंदूत पी७५ बहुतेक चेतापेशींवर नगण्य असतो. मेंदूच्या पुढच्या तळभागातल्या ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशींसारखे मोजके अपवाद सोडले, तर गर्भावस्थेतले काम आटोपून तो निवृत्त झालेला असतो. आघात झाला, झटके आले, तंतू तुटले की तो अनेक पेशींवर पुन्हा उगवतो. त्याच वेळी जखमेभोवतीच्या ॲस्ट्रोसाइटसारख्या आधारपेशी प्रो-एनजीएफ सोडू लागतात. पेशीबाहेर प्रो-एनजीएफ कापून पक्के करण्याचे काम प्लाझ्मिन हे विकर करते; पक्के एनजीएफ तोडण्याचे काम एमएमपी-९ हे दुसरे विकर करते, आणि मेंदूच्या इजेनंतर हे एमएमपी-९ वाढते. म्हणजे जखमेच्या जागी जगवणारे रूप तुटत राहते, मारणारे रूप साचते आणि मारणाऱ्यासाठी उघडणारे दारही नेमके तेव्हाच बसवले जाते. याला 'वृद्धिघटकाची कमतरता' म्हणणे म्हणजे घर पेटलेले असताना चुलीत जाळ कमी आहे अशी तक्रार करणे.

हे सगळे अनुमान नाही. २००४ मध्येच सुंग ओक यून यांच्या गटाने मेंदूपासून मेरुरज्जूकडे जाणारे तंतू तोडलेल्या प्राण्यांत हीच साखळी दाखवली. इजेनंतर प्रो-एनजीएफ स्रवते, ते जखमी मेंदूत पी७५ ला जाऊन धरते, आणि ही पकड सोडवली तर त्या प्रौढ पेशी पूर्णपणे वाचतात. त्याआधी, २००२ मध्ये, मेरुरज्जूच्या इजेत ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणजे तंतूंवर मायलिनचे वेष्टण चढवणाऱ्या पेशी, प्रो-एनजीएफ आणि पी७५ च्याच वाटेने मरतात असे आढळले होते. पक्षाघाताने किंवा अपघाताने हातपाय लुळे पडतात ते याच तंतूंच्या आणि वेष्टणांच्या नुकसानीने. प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, हे खरे. पण 'पुरवठा आटतो' ही कल्पनाही प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनच जन्मली होती. तेव्हा कोणी नाक मुरडले नव्हते.

मृत्यूचा आदेश पुढे कसा जातो हेही बरेच उलगडले आहे. पी७५ कडून जेएनके या किनेज विकराला चेतवले जाते. मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडते. मग कॅस्पेज-९ आणि त्यामागून कॅस्पेज-६ व कॅस्पेज-३ जागी होतात आणि पेशीची प्रथिने कातरू लागतात. फास आपला आदेश कॅस्पेज-८ कडून पुढे पाठवतो. पी७५ ची ही वेगळी आडवाट आहे. या तपशिलाचे महत्त्व एवढ्यासाठी, की ज्याला ही साखळी कुठे तरी तोडायची आहे त्याला कड्या कोणत्या हे माहीत असायला हवे. टॉनिक विकणाऱ्याला याची गरज पडत नाही.

इथे समजुतीचे पाठीराखे शेवटचा डाव टाकतात. असेल मारणारे रूप. मग जगवणारे रूप इतके ओता की ते मारणाऱ्याला पुरून उरेल! ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण विल्मा फ्रीडमन यांच्या अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये दाखवले की प्रो-एनजीएफ पी७५ च्या मार्फत पेशीत पीटेन नावाचे विकर वाढवते, आणि पीटेन ट्रॅक-ए आणि त्याच्या कुळातल्या रिसेप्टरांकडून येणारा जगण्याचा संकेत मधेच विझवते. रिसेप्टरवर पक्के एनजीएफ किंवा बीडीएनएफ बसलेले असते, पण आदेश आत पोचतच नाही. तार तोडलेल्या टेलिफोनवर जोरात ओरडून उपयोग काय?

चाचण्यांनीही हाच धडा वेगळ्या वाटेने दिला. एएलएस या स्नायू-चेतारोगात बीडीएनएफ टोचण्याची ११३५ रुग्णांवरची चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. उपयोग सिद्ध झाला नाही. मधुमेहाने होणाऱ्या चेताविकारात एनजीएफची १०१९ रुग्णांवरची चाचणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली, तिचेही तेच. टोचल्या जागी दुखणे मात्र भरपूर. स्वीडनमध्ये अल्झायमरच्या तीन रुग्णांच्या मेंदूच्या पोकळीत थेट एनजीएफ सोडून पाहिले, तर पाठदुखी आणि घटते वजन समोर आले. पक्षाघातात फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर शिरेतून देण्याची उत्तर अमेरिकेतली चाचणी फायद्यापेक्षा धोका जास्त दिसल्याने अर्ध्यावर थांबवावी लागली. या प्रत्येक अपयशानंतर तेच स्पष्टीकरण पुन्हा वाजवले गेले: औषध आत पोचले नाही, मात्रा कमी पडली. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण 'जास्त म्हणजे बरे' हे गृहीतकच तपासावे, असे किती जणांना वाटले? (दरम्यान औषध कंपन्यांनी संधिवाताच्या वेदनेसाठी एनजीएफला अडवणारी प्रतिपिंडे बनवायला घेतली होती. टॉनिकाविरुद्ध औषध! तेही सांध्यांच्या नुकसानीमुळे २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीपुढे अडले.)

पाठीराख्यांचे आवडते उदाहरण सेनेगर्मिनचे. एनजीएफचे हे थेंब डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरच्या चेताविकारासाठी युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले, आणि ते उपयोगी पडतात. हे उदाहरण नेमके कोणाच्या बाजूने आहे? तिथे पक्के, नीट कापलेले एनजीएफ वापरले जाते, ते डोळ्याच्या पृष्ठभागावर टाकले जाते, मेंदूच्या आतल्या ताज्या जखमेत नव्हे. हे मान्य केले की सरसकट टॉनिकाची गोष्टच संपते.

थोडा गंभीर आक्षेप दुसऱ्या बाजूचा आहे. काही प्रयोगशाळांत प्रो-एनजीएफने पेशी जगवल्याचेही दिसले. मग मारणारे आणि जगवणारे ही विभागणी तरी खरी का? खरी आहे, पण ती प्रथिनाच्या एकट्याच्या स्वभावात नाही. पेशीवर ट्रॅक-ए किती, पी७५ किती, सॉर्टिलिन आहे का, विकरे प्रो-एनजीएफ कापत आहेत का, यांवर निकाल ठरतो. ट्रॅक-ए भरपूर असलेल्या पेशीला प्रो-एनजीएफही चालते. जखमेनंतर पी७५ उगवलेल्या पेशीला तेच मारते. म्हणजे हा आक्षेप 'वृद्धिघटक चांगला' या मताला वाचवत नाही. 'वृद्धिघटक वाईट' या उलट्या अंधश्रद्धेला तेवढा चाप लावतो. पी७५ सरसकट पुसून टाकण्याची भाषा करणाऱ्यांसाठीही हेच. विकासाच्या काळात चेतासंस्था गरजेपेक्षा जास्त पेशी घडवते आणि काही भागांत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास काढून टाकते. पी७५ त्या छाटणीच्या हत्यारांपैकी एक आहे. हत्यार वाईट नाही. प्रौढ मेंदूच्या जखमेत ते पुन्हा म्यानाबाहेर येते, हा प्रश्न आहे.

मोजमापाचा गोंधळ वेगळाच. 'बीडीएनएफ वाढवा' या मोहिमेत रक्तातल्या बीडीएनएफचे आकडे मोठ्या अभिमानाने दिले जातात. रक्तातले बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटांतून येते, मेंदूतून नव्हे. शिवाय मोजणीचे अनेक जुने संच पक्के बीडीएनएफ आणि प्रो-बीडीएनएफ यांत भेद करत नाहीत. माणसाच्या मेंदूत एनजीएफचे मुख्य रूप प्रो-एनजीएफच आहे आणि अल्झायमरमध्ये ते वाढते, हे २००१ पासून माहीत आहे. जगवणारे आणि मारणारे रूप एकाच रकान्यात बेरीज करून 'वाढले' म्हणणे हा कसला विज्ञानाचा विजय?

डोक्याच्या दुखापतीच्या वैद्यकाला अशा विजयांची किंमत चांगली माहीत असायला हवी. मेंदूची सूज कमी करतात म्हणून कित्येक वर्षे कॉर्टिकोस्टिरॉइड दिली जात होती. मग ४९ देशांतल्या २३९ रुग्णालयांतल्या १०,००८ रुग्णांवर क्रॅश नावाची चाचणी झाली. २००४ मधल्या निकालात औषध मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के पहिल्या दोन आठवड्यांत दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. उपाय पटण्याजोगा होता, आणि तो माणसे मारत होता. वृद्धिघटकांसारखा परिणाम करते असे सांगून विकले जाणारे डुकराच्या मेंदूपासूनचे सेरेब्रोलायसिन भारतातही मिळते. पक्षाघातावरच्या त्याच्या चाचण्यांचा कॉक्रेन आढावा सांगतो की त्याने मृत्यू टळत नाहीत आणि गंभीर दुष्परिणाम वाढण्याची शक्यता दिसते. तरी मागणी ओसरत नाही, कारण गोष्ट गोड आहे.

वाट दुसरीकडे आहे आणि ती शोधली जात आहे. पी७५ च्या आदेशाची दिशा बदलणारा एलएम११ए-३१ हा छोटा रेणू मेंदूला इजा केलेल्या उंदरांत चेतापेशींचा मृत्यू कमी करतो. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या पहिल्या चाचणीत तो पुरेसा सुरक्षित असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ताज्या दुखापतीच्या रुग्णांसाठी प्रो-एनजीएफची वाट अडवणारे औषध अजून बाजारात नाही. ते यायचे असेल तर संशोधनाचा पैसा घटक वाढवण्यावर कमी आणि तो कापला कसा जातो, कोणावर बसतो, केव्हा मारतो यावर जास्त जायला हवा.

तोवर रुग्णाच्या नातेवाइकांपुढे कोणी मेंदूचा वृद्धिघटक वाढवण्याची भाषा केली, तर कोणते रूप वाढणार, ते कोणत्या रिसेप्टरवर बसणार आणि आघातानंतर किती तासांनी, हे त्याला सरळ विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ते इंजेक्शन नाकारावे.